आईसाठी मार्क लिहून काढताना

२०२१ च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, माझा धाकटा भाऊ गेला. तो बेचाळीस वर्षांचा होता. इंदूरमध्ये त्या दिवसांत रुग्णालयात खाट मिळणे कठीण झाले होते, म्हणून पहिले तीन दिवस त्याला घरीच प्राणवायू द्यावा लागला. ते जड सिलिंडर आमच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत जिन्याने चढवून आणणारे चौघे जण आमच्या मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, नव्हते; दोघे शेजारी होते, एक आमचे दूधवाले, आणि चौथा समोरच्या गल्लीतला एक मुसलमान तरुण, ज्याचे नावही तोवर आम्हाला ठाऊक नव्हते. चौथ्या दिवशी खाट मिळाली आणि सहाव्या दिवशी तो गेला. दफनाला मी आणि एक चुलतभाऊ, एवढेच होतो.

बंधने सैल झाल्यावर घरी सांत्वनाची प्रार्थना ठेवली. बाहेरगावाहून आलेल्या एका उपदेशकांनी मार्काच्या शुभवर्तमानातला, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एकातला, सहाव्या अध्यायातला नाझरेथ या येशूच्या गावचा प्रसंग वाचला आणि सांगितले, की लोकांचा अविश्वास होता म्हणून प्रभूला तेथे अद्भुत कृत्ये करता आली नाहीत. जेथे विश्वास पूर्ण असतो तेथे आरोग्य मिळतेच. त्यांच्या मनात वाईट काही असेल असे मला वाटत नाही. विश्वासाचा असाच हिशेब त्यांना कोणीतरी शिकवला असणार. पण त्या रात्री अंथरुणावर बसून आईने मला विचारले, "माझा विश्वास कमी पडला का गं?" त्या वेळी ती शहात्तर वर्षांची होती आणि वयाच्या सातव्या वर्षापासून तिने एकही दिवस प्रार्थनेवाचून काढलेला नव्हता.

मला उत्तर देता आले नाही. पुढचे दहा महिने मी उपासनेला गेले नाही.

हे सांगताना माझी पार्श्वभूमीही सांगायला हवी. आमचे पणजोबा अहमदनगरकडून इंदूरला आले. मंडळीची उपासना हिंदीत चालते, घरातली प्रार्थना मराठीत, आणि आईचे पवित्र शास्त्र म्हणजे तिच्या लग्नात मिळालेली, पाने पिवळी पडलेली मराठी प्रत. मी उच्च माध्यमिक शाळेत जीवशास्त्र शिकवते. आठवडाभर वर्गात उत्क्रांती शिकवायची आणि रविवारी शब्बाथ शाळेत सहा दिवसांच्या सृष्टीचे चित्र मुलांना रंगवायला द्यायचे, असे मी वीस वर्षे केले. दोन्ही गोष्टी मनाच्या दोन वेगवेगळ्या कप्प्यांत होत्या आणि मी एक कप्पा उघडला की दुसरा बंद करीत असे. उत्पत्ती या शास्त्राच्या पहिल्या पुस्तकात, पहिल्या अध्यायात माणूस सर्वांत शेवटी निर्माण होतो आणि दुसऱ्या अध्यायात वनस्पती व पशू यांच्या आधी, हे मी कितीदा वाचले होते. पण तो फरक मला कधी दिसला नव्हता, कारण मला तो पाहायचा नव्हता.

त्याच सुमारास आईच्या डोळ्यांच्या पडद्याचा आजार वाढला. नजरेच्या मधोमध एक काळा डाग राहतो आणि फक्त कडेचे दिसते. म्हणून ती मान किंचित वळवून, जणू दुसरीकडे पाहत असल्यासारखी, आपल्याकडे पाहते. दोष वाढण्याचा वेग कमी करता येईल, गेलेली नजर परत येणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. मी तिला मोबाइलवर वचने ऐकवायची व्यवस्था करून दिली, पण आठ दिवसांत ती म्हणाली, "ऐकलं की ते पुढं निघून जातं. मला थांबता येत नाही. मला वाचायचंय." मग तिनेच सुचवले की एखादे शुभवर्तमान मोठ्या अक्षरांत लिहून दे. चारांपैकी सर्वांत लहान म्हणून आम्ही मार्क निवडला. सोळा अध्याय, साधारण पावणेसातशे वचने.

२ मार्च २०२२, ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस म्हणजे राखेचा बुधवार, हा आरंभाचा दिवस ठरला आणि १७ एप्रिलच्या ईस्टरपर्यंत संपवायचे असे मी ठरवले. राजवाड्याजवळच्या खजुरी बाजारातून चित्रकलेच्या मोठ्या वह्या आणि काळे जाड मार्कर आणले. एका पानावर बारा ओळी, अक्षर बोटाच्या पेराएवढे. संध्याकाळी शाळेतून आल्यावर तासभर मी लिहीत असे आणि रात्री जेवणानंतर आई तेवढाच भाग मान वळवून, बोट फिरवत, मोठ्याने वाचत असे. ईस्टरपर्यंत अर्धेच झाले. पूर्ण व्हायला जूनचा शेवट उजाडला.

लिहून काढण्यात आणि वाचण्यात किती फरक आहे याची मला कल्पना नव्हती. वाचताना ओळखीच्या वाक्यावरून डोळा घसरत पुढे जातो. लिहिताना प्रत्येक काना-मात्रा हातातून जावी लागते. तिसऱ्याच दिवशी माझ्याकडून चूक झाली. मार्काची कथा घाईने धावते. मूळ ग्रीकमध्ये 'लगेच' या अर्थाचा शब्द चाळीसएक वेळा येतो आणि मराठीतही तो पुन्हा पुन्हा भेटतो. पहिल्या अध्यायात एका 'लगेच'वरून माझी नजर दुसऱ्या 'लगेच'वर गेली आणि मधले दीड वाक्य गळाले. रात्री वाचताना आई थांबली आणि म्हणाली, "इथं काहीतरी राहिलंय." तिला तो अध्याय पाठ होता. मी पान फाडून पुन्हा लिहिले. छापखाने येण्यापूर्वीची जवळजवळ चौदाशे वर्षे हे ग्रंथ अशाच हातांनी उतरले आहेत, आणि त्या लेखनिकांकडूनही नेमक्या अशाच चुका झाल्या आहेत. हे मी पुढे अभ्यासकांचे लेखन वाचले तेव्हा कळले. पण त्याआधीच माझ्या हाताला ते कळले होते. शास्त्र आकाशातून पडलेले नाही, ते दमलेल्या माणसांनी दिव्याच्या उजेडात उतरवले आहे, ही जाणीव मला भीतिदायक वाटण्याऐवजी फार जवळची वाटली.

खरी भीती दुसऱ्या अध्यायात वाटली. शब्बाथाच्या, म्हणजे विश्रांतीच्या पवित्र दिवशी शिष्य कणसे मोडतात, त्यावर नियमांबाबत काटेकोर असलेले परूशी आक्षेप घेतात, आणि येशू त्यांना दावीदाची आठवण देतो: अब्याथार प्रमुख याजक असताना दावीदाने समर्पित भाकरी खाल्ल्या. नाव नीट लिहावे म्हणून मी दावीदाचा तो मूळ प्रसंग असलेले शमुवेलाचे पहिले पुस्तक उघडले. तेथे, एकविसाव्या अध्यायात, याजकाचे नाव अहीमलेख आहे. अब्याथार हा त्याचा मुलगा. मत्तय आणि लूक या दुसऱ्या दोन शुभवर्तमानकारांनी हाच प्रसंग सांगितला आहे, पण दोघांनीही याजकाचे नाव वगळले आहे. बहुतेक अभ्यासकांच्या मते या दोघांच्यासमोर मार्काचे लेखन होते. म्हणजे ही अडचण त्यांच्याही लक्षात आली असावी. मी मार्कर खाली ठेवला. लहानपणापासून ऐकले होते की शास्त्रातला एक शब्द जरी चुकीचा निघाला तर सगळेच कोसळेल. मी बराच वेळ वाट पाहिली आणि काहीही कोसळले नाही. ज्या वाक्यासाठी तो प्रसंग सांगितला होता, ते पुढच्याच ओळीत होते, की शब्बाथ माणसासाठी झाला, माणूस शब्बाथासाठी नाही. आणि याजक बाप असो की मुलगा, त्या वाक्याचे वजन तिळभरही कमी झाले नव्हते.

मी आमच्या पाळकांकडे, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंकडे गेले. ते तरुण आणि मनमोकळे आहेत. त्यांनी सांगितले की हे सर्व ईश्वरविज्ञानाच्या महाविद्यालयात त्यांना शिकवले गेले होते. मग हे व्यासपीठावरून का सांगत नाही, असे विचारल्यावर ते म्हणाले, "ताई, लोकांचा विश्वास डळमळेल." मी तेव्हा गप्प बसले, परंतु आज मला हे लिहिलेच पाहिजे: माझ्या आईचा विश्वास अब्याथाराने डळमळला नाही. तो डळमळला, तो तिच्या मुलाच्या सांत्वनाच्या प्रार्थनेत एक वचन मागचेपुढचे न पाहता तिच्यावर टाकले गेले तेव्हा. ग्रंथाची अचूकता जपण्यासाठी आपण केवढी काळजी घेतो. शोक करणाऱ्या माणसाला ती काळजी का मिळू नये?

ते सहाव्या अध्यायातले वचन लिहायची वेळ आली तेव्हा मी ते फार सावकाश लिहिले. येशूला तेथे अद्भुत कृत्य करता आले नाही. मात्र त्याच वाक्यात, थोड्या रोग्यांवर हात ठेवून त्याने त्यांना बरे केले, असेही आहे. उपदेशकांनी हा उत्तरार्ध वाचला नव्हता. आणि एकदा लक्ष गेल्यावर इतर जागाही दिसू लागल्या. दुसऱ्या अध्यायात पक्षाघात झालेल्या माणसाला चौघे जण खाटेवरून आणतात, छप्पर उकरून खाली सोडतात, आणि येशू पाहतो तो 'त्यांचा' विश्वास; खाटेवरचा माणूस एक शब्दही बोललेला नाही. पाचव्या अध्यायात येशू याईर नावाच्या माणसाच्या बारा वर्षांच्या मुलीला उठवतो, तिला कोणीच विचारत नाही की तुझा विश्वास आहे का. नवव्या अध्यायातला बाप तर एकाच दमात दोन्ही सांगतो, की माझा विश्वास आहे, आणि माझा अविश्वास घालवून टाका. आणि तेवढ्यावर त्याच्या मुलाला आरोग्य मिळते. त्या चौघांविषयी वाचून झाल्यावर आईने वही मिटली आणि विचारले, "ते सिलिंडर आणणारेही चौघंच होते ना?" नवव्या अध्यायातच पुढे शिष्य तक्रार करतात, की आमच्याबरोबर न येणारा एक जण तुमच्या नावाने भुते काढतो, आम्ही त्याला मना केले, आणि येशू म्हणतो, मना करू नका, जो आपल्याला प्रतिकूल नाही तो अनुकूल आहे. हे लिहिले त्या आठवड्यात आईने मला त्या गल्लीतल्या तरुणाच्या घरी पाठवले. तो रमजानचा महिना होता. मी खजूर घेऊन गेले आणि तेव्हा त्याचे नाव विचारले.

आठव्या अध्यायावर आम्ही जवळजवळ एक आठवडा थांबलो. बेथसैदा येथे येशू एका आंधळ्याला हात धरून गावाबाहेर नेतो, त्याच्या डोळ्यांना थुंकी लावतो, हात ठेवतो आणि विचारतो, तुला काही दिसते का? तो माणूस म्हणतो, मला माणसे दिसतात, पण ती झाडांसारखी दिसतात आणि चालत आहेत. मग येशू पुन्हा हात ठेवतो. येशूच्या स्पर्शाने एकदम न होता दोन टप्प्यांत काम झाले, असा हा एकच प्रसंग, आणि तो फक्त मार्कात आहे. आईने तो वाचला, मान वळवून माझ्या चेहऱ्याच्या दिशेने पाहिले आणि म्हणाली, "हा माणूस खरं बोलला." मला तिचे म्हणणे लगेच कळले नाही. तिने समजावून सांगितले: इतका मोठा गुरू समोर उभा, चहूकडे त्याचे शिष्य, अशा वेळी कोणीही म्हणाले असते, हो प्रभू, सर्व स्वच्छ दिसते. मंडळीत आपल्या विश्वासाची साक्ष द्यायला उभे राहिलेले लोक असेच बोलतात, तीही आयुष्यभर असेच बोलली. या माणसाने जसे दिसत होते तसे सांगितले, म्हणून दुसरा स्पर्श झाला. त्या रात्री तिने पहिल्यांदा माझ्यासमोर अशी प्रार्थना केली, की प्रभू, माझ्या मुलाचे का असे झाले ते मला दिसत नाही, तू आहेस एवढेच अंधुक दिसते. आमच्या घरात एवढी प्रामाणिक प्रार्थना मी त्याआधी ऐकली नव्हती.

मराठीत आपण 'विश्वास असणे' म्हणतो आणि 'विश्वास ठेवणे'ही म्हणतो. पहिल्यात विश्वास ही मोजता येणारी, कमी पडणारी वस्तू होते. दुसऱ्यात ती ठेव आहे, कोणाच्या तरी हाती आपण स्वतःला सोपवणे आहे. ग्रीकमधल्या त्या शब्दातही भरवसा आणि निष्ठा हे अर्थ आहेत. आईला हा फरक मी सांगितला तेव्हा ती म्हणाली की ठेवलेला विश्वास परत काढून घ्यायचे तिच्या मनात एकदाही आले नव्हते. तो पुरेसा आहे का, हीच चिंता इतरांनी तिला लावली होती.

याच काळात मला पंडिता रमाबाई नव्याने कळल्या. आईसाठी त्या म्हणजे केडगावचे मुक्ती मिशन आणि अनाथ, विधवा स्त्रियांची माउली. मीही त्यांना तेवढेच ओळखत होते. परंतु १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर त्यांनी तिथल्या धर्मगुरूंशी आणि मठातल्या ज्या भगिनींकडे त्या राहत होत्या त्यांच्याशी पत्रांतून किती तीव्र वाद घातला, हे मी पहिल्यांदा वाचले. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून आपण नुकत्याच सुटलो आहोत, तसेच दुसरे जोखड मानेवर घेणार नाही, असे त्यांनी कळवले होते. आणि पुढे याच बाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण शास्त्राचे मराठी भाषांतर केले. १९२२ साली मृत्यू येईपर्यंत त्या या कामात होत्या, आणि केडगावच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या मुक्तीमधल्याच स्त्रिया होत्या. प्रश्न विचारणे आणि ग्रंथावर जिवापाड प्रेम करणे या एकाच बाईच्या दोन गोष्टी होत्या. नारायण वामन टिळकांनी १९१७ साली 'देवाचा दरबार' स्थापन केला तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांसाठी. मराठी ख्रिस्ती माणसाला मोकळेपणाने विचार करण्यासाठी परदेशातून परवानगी आणावी लागत नाही. ती आपल्या घरात शंभर वर्षांपासून पडून आहे.

आशेविषयी मात्र मला पुस्तकांपेक्षा बाबांनी अधिक शिकवले, आणि तेही ते गेल्यानंतर. बाबा इंदूरच्या एका कापड गिरणीत होते. गिरणी बंद पडली आणि कामगारांची देणी अडकली. वर्षानुवर्षे, सकाळची उपासना झाली की बाबा त्याच कपड्यांत कामगारांच्या बैठकीला जात. तेथे बहुधा नवे काहीच कळत नसे. पुढची तारीख कळे आणि गेल्या आठवड्यात कोण वारले ते कळे. लहानपणी मला वाटे की बाबा व्यर्थ जातात. पैसे मिळण्याच्या कितीतरी आधी ते वारले. मला शिकवलेली आशा ही मेल्यावर स्वर्गात जागा राखून ठेवल्याची पावती होती. बाबांची आशा वेगळी होती. तिचा निकाल आपल्या हयातीत लागणार नाही हे ठाऊक असूनही ते जात, कारण ज्याचे घेतले आहे त्याला परत मिळाले पाहिजे, हे देवाच्या राज्याचे काम आहे असे ते मानत. 'आशा धरणे' हा आपला शब्दप्रयोग मी त्यांच्यामुळे समजते. दोर धरतात, हात धरतात, तशी ती धरायची असते आणि तिने हाताला घट्टे पडतात. मरणानंतरच्या जीवनावरचा माझा विश्वास गेलेला नाही. त्याचे तपशील सांगण्याचा माझा अधिकार मात्र संपला आहे, आणि या जगातल्या थकलेल्या देण्यांकडे पाठ फिरवायला लावणारी आशा मला ख्रिस्ताची वाटत नाही.

मे महिन्याच्या अखेरीस चौदावा अध्याय आला. गेथशेमाने या ठिकाणी येशू जमिनीवर पडून प्रार्थना करतो की हा प्याला, म्हणजे समोर आलेले मरण, माझ्यापासून दूर कर. आईने ते पान वाचले, पुढचे पान उलटले, पुन्हा मागे आली. बराच वेळ बोट त्या ओळीवर राहिले. मग ती म्हणाली, "त्यानंही मागितलं होतं. त्यालाही नाही मिळालं." मी काही बोलले नाही. थोड्या वेळाने तिनेच विचारले, "मग त्याचा विश्वास कमी पडला असं कोणी म्हणतं का?" दहा महिने मला जे उत्तर देता आले नव्हते ते तिने स्वतः वाचून काढले. पुढच्या अध्यायात वधस्तंभावरचा तो आक्रोश, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास, हा बाविसाव्या स्तोत्राचा आरंभ आहे, एवढेच मी सांगितले. ते स्तोत्र तिला पाठ होते. तिने ते शेवटपर्यंत म्हटले.

सोळावा अध्याय मी २८ जूनला घेतला. त्याआधी तिला सांगितले की चौथ्या शतकातल्या ज्या दोन सर्वांत जुन्या मोठ्या हस्तलिखितांत मार्क पूर्ण आहे, त्यांत हे शुभवर्तमान आठव्या वचनावर थांबते. स्त्रिया कबरेकडे येतात, धोंड लोटलेली दिसते, येशू उठला आहे असे आत बसलेला एक तरुण सांगतो, आणि त्या थरथर कापत पळून जातात व कोणाला काही सांगत नाहीत, कारण त्या भ्यालेल्या असतात. नवव्यापासून विसाव्यापर्यंतची वचने नंतर जोडली गेली असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. तेव्हा मी कुठे थांबू, असे मी विचारले.

आईने आधी आठव्या वचनापर्यंत वाचले. त्या स्त्रिया भ्याल्या, यात तिला काहीच वावगे वाटले नाही. "मुलाला पुरून आल्यावर मी तरी कुणाशी बोलले होते?" ती म्हणाली. "पण कधीतरी बोलल्याच असतील. नाहीतर आपल्यापर्यंत कसं आलं असतं?" मग तिने विचारले, "पुढचं कोणी लिहिलं?"

"कोणीतरी. नाव माहीत नाही."

"त्याला राहवलं नसेल," आई म्हणाली. "लिही तेही. पण दुसऱ्या शाईनं लिही."

घरात निळा मार्कर नव्हता. दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना मी खजुरी बाजारात गेले आणि तो आणला, आणि ती बारा वचने निळ्या अक्षरांत लिहिली. २०२३ च्या ईस्टरला पाळकांनी मला शास्त्रपाठ करायला सांगितला, तेव्हा मी घरची सहावी वही नेली, काळ्या अक्षरांपर्यंत वाचले आणि खाली बसले. काही जणांना वाटले की माझे पान हरवले. पाळकांना कारण ठाऊक होते. त्यांनी त्या दिवशी हस्तलिखितांविषयी उपदेशात पाच मिनिटे सांगितले आणि मंडळीने ते शांतपणे ऐकले.

सहाही वह्या आईच्या उशाशी आहेत. झाडांसारख्या माणसांचे पान दुमडून दुमडून सुटायला आले आहे. आता तिला रूथचे पुस्तक हवे आहे. मवाबी, म्हणजे शेजारच्या परक्या राष्ट्रातल्या माणसाने परमेश्वराच्या मंडळीत येऊ नये असे शास्त्रातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात लिहिलेले असताना, मवाबी सुनेचे एक अख्खे पुस्तक शास्त्रात कसे आले, हे तिला स्वतः वाचायचे आहे. चारच अध्याय आहेत. दोन वह्या पुरतील.